मॉलमध्ये गाळा घेण्याआधी
मेनरोडवरचं बॅगांचं दुकान भावाकडे सोपवून मी नाशिकच्या उपनगरातल्या एका मॉलमध्ये गाळा घेतला होता. अडीच वर्षांत शटर ओढलं.

तुम्ही घेणार असाल तर आधी मंगळवारी दुपारी चारला जा. रविवारी सगळेच मॉल भरतात, निम्मे लोक एसीची हवा खायला आलेले. सरकत्या जिन्यापाशी उभं राहून हातात पिशवी घेऊन परतणारे मोजा. मग वरचा मजला बघा. 'लवकरच येत आहे'चे किती फलक उन्हाळे काढून फिके पडलेत? सुपरमार्केट आणि थिएटर गेलं की बाकीचे रांगेने जातात. मुंबईत 1999 साली हाजी अलीला क्रॉसरोड्स उघडला, तेव्हा आत जायला क्रेडिट कार्ड नाहीतर मोबाइल दाखवावा लागे. पुढे नाव बदलूनही तो ओस पडलाच.

भाडं कार्पेटवर (गाळ्याच्या आतली वापरायची जागा) की सुपर बिल्टअपवर (भिंती, जिने, पॅसेजचा वाटा धरून), ते विचारा. मेंटेनन्स वेगळा, 18 टक्के जीएसटी वेगळा. लॉक-इन, म्हणजे गाळा सोडता येत नाही तो काळ, किती, हे बघा आणि मॉल बंद राहिला तर भाड्याचं काय, तेही करारात लिहून घ्या. 2020 मध्ये कोरोनामुळे मार्चपासून बंद असलेले महाराष्ट्रातले मॉल थेट 5 ऑगस्टला उघडले. माझ्या करारात त्याबद्दल एक ओळ नव्हती.