सेकंडहँड टू-सीटर रोजच्या वापराला घ्यायची का? कोल्हापुरात राहून हे कसं ठरवायचं

आधीच सांगतो, मी टू-सीटरच्या, म्हणजे दोनच सीटच्या बुटक्या स्पोर्ट्स गाडीच्या, विरोधात नाही, उलट माझ्याकडं दोन वर्षं झाली जुनी बीएमडब्ल्यू झेड-फोर आहे आणि राजारामपुरीतनं गोकुळ शिरगावला कामाला मी तीच घेऊन जातो. पण कोणी विचारलं की घेऊ का, तर मी लगेच हो म्हणत नाही, कारण ही गाडी बघायला गेलं की माणसाचं डोकं चालत नाही, माझंपण पहिल्यांदा चाललं नव्हतं. ठरवायचं ते गाडी बघायच्या आधी, घरात बसून आणि आपल्या रोजच्या रस्त्यावर ठरवायचं. खाली लिहिलंय त्याच क्रमानं करा, मधली पायरी गाळू नका.

आधी पंधरा दिवस वही

एक छोटी वही घ्या नाहीतर मोबाईलमध्ये लिहा. गाडी काढली की प्रत्येक वेळी तीन गोष्टी टिपायच्या, गाडीत किती माणसं होती, सामान काय होतं आणि गाडी कुठं लावली. बस्स एवढंच, पण पंधरा दिवस न चुकता, आणि त्यात एक तरी रविवार आणि जमलं तर एखादं लग्न नाहीतर बारसं आलं पाहिजे.

मी हे केलं तेव्हा मला वाटत होतं मी तर रोज एकटाच जातो, आणि कामाच्या दिवशी ते खरंच होतं, पण संध्याकाळी पोरांना क्लासवरनं आणणं, आईला दवाखाना, शनिवारी बाजार, सासरे स्टँडवर उतरले की त्यांना आणायला जाणं, हे सगळं वहीत आल्यावर कळलं की पंधरा दिवसांत नऊ वेळा गाडीत तीन किंवा जास्त माणसं होती. म्हणजे घरातली जुनी गाडी विकून ही घेणं शक्यच नव्हतं. स्विफ्ट ठेवली, आणि दुसरी गाडी म्हणून ही घेतली, म्हणूनच आज रोज चालवू शकतो. तुमच्या घरात दुसरी चारचाकी नसेल आणि दोनापेक्षा जास्त माणसं असतील तर इथंच थांबा, पुढची तपासणी करून उपयोग नाही. दोन लहान पोरं असतील तर तिथं तडजोडच नको, मागं सीट नाही, आणि मांडीवर पोरगं घेऊन पुढं बसणं एअरबॅगच्या गाडीत जिवाशी खेळ आहे.

डिकीचापण विचार करा. झेड-फोरच्या २००९ ते २०१६ च्या मॉडेलला अ‍ॅल्युमिनियमचा टप (छत) आहे, वीसेक सेकंदात दुमडून डिकीत जातो, टप वर असताना ३१० लिटर जागा, खाली घेतला की १८० च राहते. म्हणजे लक्ष्मीपुरीतनं महिन्याचा किराणा आणायचा तर टप उघडा ठेवायचा नाही.

मग रस्ता मोजा, खरोखर टेपनं

हे कोणी करत नाही आणि इथंच निम्मे लोक फसतात. या गाड्यांचा ग्राउंड क्लीअरन्स, म्हणजे गाडीचं पोट आणि रस्ता यातलं अंतर, साधारण ११-१२ सेंटिमीटर असतोय, स्विफ्टचा १६ च्या आसपास. आता इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणं स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद पाहिजे. एवढा रुंद असला की चाकंसुद्धा ब्रेकरवरच असतात, त्यामुळं गाडीचं पोट लागत नाही, आरामात जाते. त्रास देतात ते गल्लीत कोणीतरी स्वतः डांबर ओतून केलेले अरुंद, हातभर रुंदीचे, उंच ब्रेकर. तिथं पुढची चाकं पलीकडं उतरतात, मागची अलीकडं असतात आणि मधे पोट टेकतं, आणि खाली इंजिन ऑईलचं चेंबर असेल तर तेल रस्त्यावर.

म्हणून असं करा. अडीच मीटरची सरळ पट्टी किंवा पाईप घ्या, कारण झेड-फोरच्या पुढच्या आणि मागच्या चाकामधलं अंतर साधारण तेवढंच आहे. ब्रेकरच्या माथ्यावर मधोमध, गाडी जाते त्या दिशेनं, सपाट धरा आणि दोन्ही टोकांपासून खाली रस्त्यापर्यंतची उंची टेपनं मोजा. ती १० सेंटिमीटरच्या वर गेली तर तो ब्रेकर तुमच्यासाठी धोक्याचा, कारण दोन माणसं बसल्यावर आणि टाकी भरल्यावर गाडी अजून दबते. घर ते ऑफिस सगळे ब्रेकर मोजा, पार्किंगचा रॅम्पपण मोजा, लोक तो विसरतात आणि पहिल्याच दिवशी पुढचा बंपर घासतात. सकाळी सहाला जावा म्हणजे रस्ता मोकळा असतोय आणि लोक काय करताय म्हणून विचारत बसत नाहीत. माझ्या रस्त्यावर दोन ब्रेकर असे निघाले, दोन्हीला वळसा होता, म्हणून जमलं. एखादा धोक्याचा ब्रेकर चुकवता येत नसेल तर ती गाडी त्या घराला नकोच. तिरकी घालून काढता येते हे खरं आहे पण रोज दोनदा, मागं टू-व्हीलरवाले हॉर्न मारत असताना, तुम्ही ते किती दिवस करणार?

दुसरं, हायवे. सातारा-कागल सहापदरीकरणाच्या कामामुळं डायव्हर्जन आणि सर्व्हिस रोडवरनं जावं लागतंय तिथं खडी आणि खड्डे असतात. शिरोलीकडं किंवा कागलकडं रोज जाणार असाल तर आठवडाभर आत्ताच्या गाडीनं जाताना हे डोक्यात ठेवून बघा. आणि ऊसाचा सीझन चालू झाला की संध्याकाळनंतर ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, बऱ्याच जणांना मागं लाईट नाही की रिफ्लेक्टर नाही. खाली बसलेल्या माणसाला समोरच्या गाडीच्या पलीकडचं दिसत नाही, आणि ट्रॉलीची मागची कड नेमकी आपल्या काचेच्या उंचीला येते. मी सीझनमध्ये अंधार पडल्यावर हायवेला ही गाडी काढतच नाही, ही माझी पक्की अट आहे.

पुराचं पाणी

कोल्हापूरकरांना २०१९ आणि २०२१ सांगायला नको. पण गाडीच्या बाबतीत दोन गोष्टी आहेत. एक, तुमची गाडी कुठं लागणार. शाहूपुरी, नागाळा पार्क, जिथं पाणी येतं तिथं बेसमेंटमध्ये किंवा खालच्या गल्लीत लावणार असाल तर वरच्या भागात कोणाच्या तरी घरी जागा आधीच बोलून ठेवा. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, साध्या गाडीला ४३ पर्यंत थांबणारे असतील, ही गाडी मात्र ३९ लाच हलवायची, कारण ती खाली असतेय आणि वायरिंग, सेन्सर, काही गाड्यांत टपाची मोटर सगळं तळाशी असतंय.

दोन, तुम्ही घेताय ती गाडीच पुरातली असू शकते, आपल्याकडचीच असं नाही, मुंबई, चेन्नईचीपण असते. सीटबेल्ट शेवटपर्यंत पूर्ण ओढा, आत चिखलाची रेघ किंवा कुबट वास येतो का बघा. सीट पुढं घेऊन रुळाखाली गंज बघा. डिकीतलं कारपेट उचला. डॅशबोर्डखाली मोबाईलचा टॉर्च मारा, वायरिंगच्या कनेक्टरवर हिरवट पांढरी पावडर दिसली की तिथनं परत फिरा, किंमत कितीही कमी केली तरी.

पैशाचा हिशोब नव्या किमतीनं करायचा

ही चूक सगळ्यात जास्त लोक करतात. २०१९ मध्ये आलेल्या झेड-फोर एम-४० ची एक्स-शोरूम किंमत ७८.९ लाख होती. ती तुम्हाला आज निम्म्यात किंवा त्याच्याही खाली मिळाली म्हणून पार्ट निम्म्यात मिळत नाहीत, हेडलाईट त्याच गाडीचा, ब्रेक डिस्क त्याच गाडीची. गाडी जुनी होईल तशी तिची किंमत उतरते आणि खर्च चढतो.

पेट्रोल बघा. महिन्याला ७५० किलोमीटर धरा, शहरात ८ चं अ‍ॅव्हरेज धरा, ९४ लिटर लागतं. ९५ ऑक्टेनचं घालायचं, लिटरला ११० धरलं तर दहा हजारांच्या वर. तेच साध्या हॅचबॅकला १६ च्या अ‍ॅव्हरेजनं साध्या पेट्रोलवर पाच हजारात होतं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, आपल्याच भागातल्या कारखान्यांचं इथेनॉल त्यात असतंय याचा आनंदच आहे, पण दहा-बारा वर्षांपूर्वीच्या इम्पोर्टेड गाडीचे रबरी पाईप आणि सील त्यासाठी बनवलेले नाहीत, म्हणून गाडी महिना-महिना उभी ठेवायची नाही आणि फ्युएल लाईन दर सर्व्हिसला बघून घ्यायची.

टायर तर विसरूच नका. १८ इंचाच्या झेड-फोरला पुढं २२५ आणि मागं २५५ रुंदीचे टायर येतात, म्हणजे पुढचे मागं मागचे पुढं करता येत नाहीत. रनफ्लॅट असतात, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे, स्टेपनी नसतेच. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, ३२१९ असेल तर २०१९ चा ३२ वा आठवडा. सहा वर्षांच्या वरचा टायर नक्षी कितीही चांगली दिसली तरी बदलायचा, आणि चार टायरचे पैसे किमतीतनं वजा मागायचे.

माझा नियम असा की गाडीच्या किमतीच्या वीस टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी बँकेत वेगळी पडून पाहिजे. ती नसेल आणि गाडीपण लोनवर घ्यायची असेल तर मी घेऊ नका म्हणूनच सांगेन. जुन्या गाडीच्या लोनला व्याज जास्त असतंय, त्यात एक मोठं काम निघालं की गाडी वर्षभर कव्हरखाली उभी राहते, आणि अशी उभी गाडी बघवत नाही.

दुरुस्ती कोण करणार ते आधी शोधा

उद्यमनगरात बुश, शाफ्ट, ब्रॅकेट काय वाट्टेल ते बनवून मिळतं, तिथल्या मिस्त्री लोकांच्या हाताला तोड नाही, आणि माझ्या गाडीचं सस्पेन्शनचं काम तिथंच झालंय. पण कोडिंग करावं लागणारे इलेक्ट्रॉनिक पार्ट, गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट, टपाचं हायड्रॉलिक, हे लेथवर होत नाही. म्हणून तुमच्या गाडीच्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर इथं ते मॉडेल घेतंय का, की पुण्याला २३० किलोमीटर न्यावी लागणार, हे फोन करून विचारा. गाडी बंद पडली तर दोरी बांधून ओढायची नाही, फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा ट्रक पाहिजे, कोल्हापुरात कोणाकडं आहे आणि पुण्याचं भाडं काय घेतात ते विचारून नंबर सेव्ह करा. हे सगळं गाडी घ्यायच्या आधी.

आता गाडी बघायला जावा

सकाळी जावा, इंजिन थंड असताना. मालकाला आदल्या दिवशी सांगा की चालू करून ठेवू नका, बॉनेटला हात लावून बघा, गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन चालू करताना आतल्या टायमिंग साखळीचा खडखडाट, निळा धूर, सगळं त्या पहिल्या मिनिटात कळतं.

टप तीनदा उघडा, तीनदा बंद करा. मधेच अडखळला, आवाज बदलला किंवा डिकीत तेलाचा ओला डाग दिसला तर हायड्रॉलिकचं काम आहे. मग पाण्याची बाटली घेऊन टपाच्या कडेनं ओता आणि पाणी कुठनं बाहेर पडतंय बघा. पाणी जायच्या नळ्या पाल्यानं तुंबलेल्या असतात आणि मग पाणी आत उतरतं, आपल्या पावसात हे फार महागात जातं.

मॉडेलप्रमाणं विचारायचं वेगळं. झेड-फोर ३५-आय असेल तर हाय प्रेशर फ्युएल पंप बदललाय का त्याचं बिल मागा. पोर्शे बॉक्स्टर २००८ किंवा त्याआधीची असेल तर इंजिनमधलं आयएमएस बेअरिंग, ते गेलं की इंजिनच जातं, म्हणून २००९ नंतरचं बघा. मर्सिडीज एसएलके ३५० सुरुवातीच्या वर्षांची असेल तर इंजिनमधल्या बॅलन्स शाफ्टचा गिअर झिजलाय का विचारा. ऑडी टीटी कुपेला मागं दोन सीट दिसतात, त्यावर जाऊ नका, तिथं दप्तर बसतं, माणूस नाही.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा ओबीडी स्कॅनर लावून घ्याच. आणि बरोबर घरातलं वयानं मोठं कोणीतरी न्या. माझ्या आईला गुडघ्याचा त्रास, ती बसली पण उठताना तिला दोन्ही हातांनी मला धरावं लागलं, आणि तेव्हाच ठरलं की अंबाबाईला जाताना आईसाठी स्विफ्ट.

कागदं, आणि मग इसार

पहिल्यांदा गेलो होतो तेव्हा मी गाडी बघूनच पंचवीस हजार टोकन दिलं, नंतर कळलं की आरसीवर बँकेचा बोजा आहे आणि मालकाचे हप्ते थकलेत. व्यवहार झाला नाही आणि टोकन परत मिळालं नाही. म्हणून एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून बोजा, इन्शुरन्स, कितवा मालक हे बघितल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, ट्रान्स्फरला फॉर्म २९ आणि ३०.

बेळगाव जवळ आहे म्हणून तिथल्या गाड्या स्वस्त दिसतात, पण कर्नाटक पासिंगची गाडी १२ महिन्यांच्या वर इथं चालवायची तर एमएच-०९, म्हणजे कोल्हापूर पासिंग करून घ्यावी लागते, फॉर्म २८ ची एनओसी आणि इथला रोड टॅक्स नव्यानं. महाराष्ट्रात नव्या इम्पोर्टेड गाडीला टॅक्स २० टक्के आहे, जुनीला वयाप्रमाणं कमी होतो, तरी आकडा लहान नसतो, आरटीओत जाऊन त्या गाडीचा नेमका आकडा काढून घ्या आणि मगच किंमत बोला.

सगळं जमलं तर इसार द्या पण लेखी पावती करून, त्यात गाडीचा नंबर, चासी नंबर, ठरलेली किंमत आणि कागदात अडचण निघाली तर इसार परत, हे वाक्य लिहून घ्या. इन्शुरन्स १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा. आणि गाडी कोल्हापुरात आणायचा दिवस दिवसाउजेडीचा ठेवा, टप बंद करून, तुम्ही मोजून ठेवलेल्या रस्त्यानंच घरी या.