छोट्या रिव्हॉल्व्हरसाठी काडतूस निवडताना

खिशात किंवा कमरेला सहज मावणारे छोटे रिव्हॉल्व्हर घ्यायचे ठरले की बहुतेक परवानाधारक दुकानात जाऊन आधी शस्त्र पसंत करतात आणि त्याला जे काडतूस लागेल ते मुकाट्याने स्वीकारतात. माझ्या मते हा क्रम उलटा असावा. मोठ्या शस्त्रात काडतुसाची निवड थोडी चुकली तरी शस्त्राचे वजन आणि लांब नळी ती चूक सांभाळून घेते. छोट्या रिव्हॉल्व्हरमध्ये सांभाळून घेणारे काहीच नसते. नळी दोन-तीन इंचांची, मूठ दोन-तीन बोटांपुरती आणि वजन अर्ध्या किलोच्या आसपास, त्यामुळे काडतुसाचा प्रत्येक गुण आणि दोष थेट हाताला जाणवतो.

भारतात ही निवड कायद्यापासून सुरू होते. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांनुसार, .३८० किंवा .४५५ ही लष्करी रिव्हॉल्व्हरची काडतुसे, तसेच ९ मिमी किंवा .४५ ही लष्करी पिस्तुलाची काडतुसे ज्या शस्त्रात बसून उडू शकतात ते शस्त्र ‘प्रतिबंधित बोअर’ (बोअर म्हणजे नळीच्या आतील व्यासाचे माप; .३८० सारखे आकडे इंचांत असतात) ठरते, आणि त्याचा परवाना जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देऊ शकत नाहीत. तो अधिकार केंद्र सरकारकडे आहे. सामान्य अर्जदाराला मिळतो तो अप्रतिबंधित बोअरचा परवाना. त्यातच नव्या परदेशी शस्त्रांच्या आयातीची वाट सामान्य परवानाधारकाला बंद असल्याने छोट्या रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत प्रत्यक्षात दोनच पर्याय उरतात, .३२ आणि .२२. पूर्वी आयात झालेली .३५७ मॅग्नमची रिव्हॉल्व्हरे अधूनमधून हस्तांतरासाठी येतात, पण त्यांची किंमत हौसेची असते आणि त्यांच्यासाठी काडतुसे मिळवणे हा वेगळाच व्याप होऊन बसतो. तो पर्याय मी येथे सोडून देतो.

.३२ म्हणजे नेमके काय, हे दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी समजून घ्यावे, कारण या एका आकड्याखाली निदान पाच वेगवेगळी काडतुसे नांदतात. भारतात बनणाऱ्या रिव्हॉल्व्हरांत चालते ते .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. हे १८९६ साली अमेरिकेत आले, त्याचा पितळी कोश, म्हणजे दारू आणि गोळी धरून ठेवणारी नळकांडी, सुमारे २३ मिमी लांब असतो, गोळी साधारणपणे ९८ ग्रेनची, म्हणजे ६.३५ ग्रॅमची असते आणि तळाशी बाहेर आलेली स्पष्ट कड असते. त्याआधीचे .३२ स्मिथ अँड वेसन हे आखूड काडतूस १८७८ सालचे आहे. ते लाँगच्या घरात, म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्रीतील काडतूस बसण्याच्या भोकात, बसते आणि उडतेही, मात्र कोश आखूड असल्याने त्याच्या तोंडापुढे जळक्या दारूचे आणि शिशाचे कडे साचते, आणि ते साफ केले नाही तर पुढे लांब काडतूस नीट आत जात नाही. १९८४ सालचे .३२ एच अँड आर मॅग्नम आणि त्यानंतरचे .३२७ फेडरल मॅग्नम ही दोन्ही आणखी लांब आणि कितीतरी जास्त दाबाची आहेत. लाँगसाठी बनवलेल्या चक्रीत ती घालण्याचा विचारही करू नये.

खरा घोटाळा होतो तो पाचव्यामुळे. .३२ एसीपी, म्हणजेच ७.६५ मिमी, हे पिस्तुलाचे काडतूस आहे. देशात बनणाऱ्या .३२ पिस्तुलात तेच लागते, आणि आपल्याकडे परवान्यावर, पावतीवर आणि बोलण्यातही त्याला आणि लाँगला सरसकट ‘बत्तीस बोअर’ एवढेच म्हटले जाते. त्याचा कोश आखूड, कड जेमतेम बाहेर आलेली आणि दाब रिव्हॉल्व्हरच्या काडतुसापेक्षा जास्त असतो. काही रिव्हॉल्व्हरांच्या घरात ते सरकून बसतेही, आणि बसले म्हणून चालते असा समज करून घेणारे महाभाग आहेत. तसे करू नये. काउंटरवर डबी हातात आली की तिच्यावरील पूर्ण नाव वाचावे, एक काडतूस काढून तळाकडची कड बोटाने चाचपून पाहावी; रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची कड कोशाच्या भिंतीबाहेर स्पष्टपणे बोटाला अडते, पिस्तुलाच्या काडतुसाची जवळपास अडत नाही.

पुण्याच्या वाचकांना ठाऊक असेलच की खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे. २०२१ साली आयुध निर्माणी मंडळाचे कंपन्यांत रूपांतर झाल्यावर तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेला, आणि त्या कंपनीचे मुख्यालयही पुण्यातच आहे. सरकारी .३२ रिव्हॉल्व्हरे मात्र कानपूरची. जुन्या .३२ ची रचना ब्रिटिश वेब्ली मार्क ४ वर बेतलेली आहे, म्हणजे ते मधोमध मोडून उघडते; २०१४ साली आलेले ‘निर्भीक’ त्याच धाटणीचे, पण टायटॅनियम मिश्रधातूमुळे सुमारे अर्ध्या किलोचे आहे; आणि २०२३ मधले ‘प्रबल’ बाजूला उघडणाऱ्या चक्रीचे, पाऊण किलोपेक्षा थोडे हलके आहे. तिन्हींत काडतूस एकच. तेव्हा .३२ घ्यायचे ठरले तरी निवड संपत नाही, कारण तेच काडतूस वेगवेगळ्या वजनाच्या शस्त्रांतून वेगवेगळे वागते.

हे वागणे मोजता येते. .३२ लाँगची गोळी छोट्या नळीतून सेकंदाला २१५ मीटरच्या आसपास वेगाने निघते असे धरले तर तिची ऊर्जा दीडशे ज्यूलच्या जवळ येते. गोळी जितक्या जोराने पुढे जाते तितक्याच जोराने शस्त्र मागे येते, आणि काडतूस तेच ठेवून शस्त्राचे वजन कमी केले की धक्क्याची ऊर्जा त्याच प्रमाणात वाढते. सातशे ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये हा धक्का दीड ज्यूलपेक्षाही कमी असतो, अर्ध्या किलोच्यात सुमारे दोन. दोन्ही सोसण्याजोगे आहेत. बारीक मनगटाच्या किंवा सांधे दुखणाऱ्या माणसालाही .३२ झेपते, आणि माझ्या दृष्टीने हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. ‘बत्तीसमध्ये दम नाही’ ही तक्रार मी पुष्कळदा ऐकतो. कागदावर ती खरीही आहे. पण लांबची गोष्ट सोडा, पाच-सात मीटरवर जी गोळी नेमकी लागत नाही तिची ऊर्जा मोजून काय उपयोग?

.२२ चा विचार दोन कारणांनी करावा. ‘निदार’सारखे .२२ चे रिव्हॉल्व्हर पाव किलोच्या आसपास असते आणि चक्रीत आठ काडतुसे मावतात. धक्का नगण्य असतो. मात्र .२२ लाँग रायफलच्या काडतुसात प्रायमर, म्हणजे आघाताने पेटून दारू पेटवणारी छोटी टोपी, मध्यभागी नसतो. पेट घेणारे मिश्रण तळाच्या कडेत आतून पसरलेले असते आणि घोडा त्या कडेवर आघात करतो. मिश्रण कडेभर सारखे पसरले नसेल तर बार फुसका जातो, आणि हे मध्यभागी प्रायमर असलेल्या काडतुसापेक्षा अधिक वेळा घडते. रिव्हॉल्व्हरमध्ये चाप पुन्हा ओढला की पुढचे घर येते, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. पण सरावात बार फुसका गेला तर मात्र नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबावे, कारण क्वचित काडतूस उशिरा पेट घेते. शिवाय आघात जोरकस लागत असल्याने .२२ च्या छोट्या रिव्हॉल्व्हरांचा चाप बहुधा जड असतो, म्हणजे धक्का कमी म्हणून जे घेतले ते बोटाला थकवते. केवळ सरावासाठी असेल तर .२२ उत्तम आहे. स्वसंरक्षणासाठी एकच शस्त्र घ्यायचे असेल तर मी .३२ कडे झुकेन.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांपुढची यादी फार लांब आहे, म्हणून त्यांच्यासाठी वेगळे लिहितो. आधी कायदा: एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना तेथील संघीय कायद्याने शस्त्र आणि काडतुसे बाळगता येत नाहीत. याला वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डधारकांना राज्याच्या नियमांच्या अधीन राहून ती घेता येतात. राज्याराज्यांत फरक आहे. न्यू जर्सीत, जेथे आपली वस्ती मोठी आहे, पोकळ टोकाच्या गोळ्या घराबाहेर बाळगण्यावर कडक निर्बंध आहेत, म्हणून तेथे काडतुसाचे नावच नव्हे तर गोळीचा प्रकारही कायदा पाहूनच ठरवावा लागतो.

तेथे छोट्या रिव्हॉल्व्हरचे रूढ काडतूस .३८ स्पेशल. १९५० साली स्मिथ अँड वेसनने पाच काडतुसांचे ‘चीफ्स स्पेशल’ काढले तेव्हापासून हे समीकरण पक्के झाले. १५८ ग्रेनची गोळी दोन इंचांच्या नळीतून अडीचशे ज्यूलच्या थोडी पुढे जाते. पण चारशे ग्रॅमच्या ॲल्युमिनियमी रिव्हॉल्व्हरमध्ये तिचा धक्का आपल्या निर्भीकमधल्या .३२ च्या तिपटीहून अधिक असतो, आणि त्याहून हलक्या शस्त्रात पूर्ण ताकदीचे .३५७ मॅग्नम घातले की तो पुन्हा तिपटीच्या घरात जातो. तिसऱ्या-चौथ्या गोळीला तळहात झिणझिणू लागतो, पाचव्या गोळीआधी डोळे मिटू लागतात, आणि इतक्या आखूड नळीत मॅग्नमची बरीचशी दारू बाहेर येऊन जळते ती वेगळीच. ‘.३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ ही चालते, मग .३५७ च घ्या’ हा सल्ला खरा असला तरी अर्धा आहे. तसे घेतले तरी हलक्या शस्त्रात .३८ च चालवावे. धक्क्याचा त्रास होत असेल तर १४८ ग्रेनची सपाट तोंडाची वॅडकटर गोळी पाहावी, तिचा वेग कमी आणि धक्का मवाळ असतो. किंवा .३२ एच अँड आर मॅग्नमकडे वळावे: त्याच आकाराच्या चक्रीत पाचाऐवजी सहा काडतुसे मावतात आणि धक्का .३८ पेक्षा कमी राहतो.

पोकळ टोकाच्या गोळीबद्दल एक गोष्ट. लागल्यावर ती फुलते ती वेगामुळे, आणि दोन इंचांच्या नळीत वेग पुरेसा मिळेलच असे नाही. डब्यावरचा वेग बहुधा चार इंचांच्या किंवा त्याहून लांब चाचणी नळीचा असतो. म्हणून आखूड नळीसाठी म्हणून बनवलेली गोळी घ्यावी, नाहीतर साधी जड गोळी बरी. अतिहलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये आणखी एक त्रास संभवतो: मागच्या धक्क्यांनी न उडालेल्या काडतुसांतली गोळी कोशातून हळूहळू पुढे सरकते आणि चक्रीच्या तोंडाबाहेर आली की चक्री फिरतच नाही. हे तपासायचे असेल तर चार गोळ्या झाडून पाचवे काडतूस बाहेर काढावे आणि त्याची लांबी डबीतल्या नव्या काडतुसाशी ताडून पाहावी.

देश कोणताही असो, अखेरची निवड मैदानावर करावी. शक्य असेल तर परिचित परवानाधारकाच्या उपस्थितीत, अधिकृत शूटिंग रेंजवर, घ्यायचे आहे तेच शस्त्र आणि तेच काडतूस वापरून पाहावे. सात मीटरवर जेवणाच्या ताटाएवढे वर्तुळ लावावे आणि घोडा आधी न चढवता केवळ चाप ओढून, न थांबता, चक्रीतील सर्व गोळ्या झाडाव्यात. पहिल्या दोन गोळ्या कोठे लागल्या याकडे फार लक्ष देऊ नये, त्या बहुतेकांच्या ठीक लागतात. शेवटच्या दोन पाहाव्यात. त्या ताटाबाहेर खाली आणि आपण ज्या हाताने झाडतो त्याच्या विरुद्ध बाजूला जात असतील तर हात धक्क्याला घाबरू लागला आहे असे समजावे आणि शस्त्र जड किंवा काडतूस मवाळ घ्यावे.

आपल्याकडे या सरावालाही मर्यादा आहे. एका वेळी जवळ किती काडतुसे ठेवायची आणि वर्षभरात किती घ्यायची, हे परवान्यावर लिहिलेले असते, आणि खर्च झालेल्या काडतुसांचा हिशेब विचारला जाऊ शकतो, म्हणून तारीखवार वही ठेवावी. जे काडतूस आपल्या जिल्ह्यातील दुकानात नियमित येते तेच निवडावे. नवी डबी आणली की शस्त्र रिकामे असल्याची खात्री करून, रेंजवरच, प्रत्येक काडतूस प्रत्येक घरात बसवून चक्री हाताने फिरवून पाहावी. एखाद्याचा प्रायमर तळापेक्षा किंचित वर आलेला असला तरी चक्री अडते, आणि अशी काडतुसे बाजूला ठेवून दुकानदाराला दाखवावीत. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात काडतुसे चामडी पट्ट्यात ठेवू नयेत. चामड्यातल्या आम्लाने आणि दमटपणाने पितळेवर हिरवा थर चढतो, आणि मग काडतूस घरात शिरताना अडते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून, शस्त्रापासून वेगळी आणि कुलपात ठेवावीत.

वारसाहक्काने आलेल्या जुन्या रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत मात्र वरचे काहीच गृहीत धरू नये. परवान्यावर आजोबांच्या काळापासून ‘.३२’ लिहिलेले आहे एवढ्यावर विसंबून काडतुसे आणू नयेत. चक्रीचे घर अधिकृत शस्त्र दुरुस्ती करणाऱ्याकडून मोजून घ्यावे, चक्री बंद अवस्थेत हलते का आणि प्रत्येक घर नळीच्या रेषेत येते का हे तपासून घ्यावे, आणि मोजमाप .३८० चे निघाले तर काडतुसांचा शोध थांबवून आधी परवाना प्राधिकाऱ्याच्या शस्त्र शाखेत लेखी कळवावे.