नॅशनल पार्कात नदीकाठी टेंट टाकायचाय? मग आधी हे बघून घ्या

नॅशनल पार्कातली मोठी कॅम्पग्राउंड्स म्हणजे छोटं गावच असतं, दुकान काय, शॉवर काय, गाड्यांची रांग काय. त्यापेक्षा कडेला कुठेतरी नदीला लागून दहा-पंधरा साइट्सचं एखादं छोटं कॅम्पग्राउंड असतं ना, खरी मजा तिथे. फक्त तिथे सोयी जेमतेम असतात आणि नदी शेजारी असली की टेंटची सगळी गणितं बदलतात, ओल, थंडी, वारा, आवाज, प्राणी सगळंच. माझं मत आधीच सांगून टाकतो: पाण्याला अगदी चिकटून असलेली, फोटोत सगळ्यात भारी दिसणारी साइट घेऊ नका. मागच्या रांगेतली घ्या, जरा उंचावरची. नदी बघायला चार पावलं चालत जाता येतं, झोपायला तिच्या अंगावर कशाला जायचं.

बुकिंगचं थोडक्यात सांगतो. काही छोटी कॅम्पग्राउंड्स ऑनलाइन बुक होतात आणि सीझनचे शनिवार-रविवार कित्येक महिने आधी संपलेले असतात, काही ठिकाणी अजूनही जो आधी येईल त्याला जागा. दुसऱ्या प्रकारात वीकेंड सोडून मधल्या वारी जा आणि सकाळीच पोचा, कारण आधीचे लोक दुपारपर्यंत निघतात आणि रिकामी झालेली साइट पुढच्या तासाभरात जाते. तिथे बहुतेक वेळा ऑफिस वगैरे नसतं, काही ठिकाणी फॉर्म भरून पैसे पाकिटात घालून पेटीत टाकायचे असतात, त्यामुळे सुट्टे पैसे आणि पेन जवळ ठेवा (पेन तिथलं कधीच चालत नाही). आणि निघायच्या आधी पार्कच्या वेबसाइटवर तीन गोष्टी नक्की बघा: प्यायचं पाणी आहे का, शेकोटीला सध्या बंदी आहे का, आणि नदीच्या पातळीबद्दल काही सूचना आहे का. मोबाइलला रेंज नसणार हे धरूनच चला, नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा आणि घरी कोणाला तरी सांगून जा की कुठल्या कॅम्पग्राउंडला आहात आणि कधी परतणार.

जागा कशी बघायची

साइटवर पोचल्या पोचल्या टेंट काढू नका. आधी पाच-दहा मिनिटं नुसतं फिरा. काठाजवळच्या झुडपांकडे बघा, फांद्यांमध्ये सुकलेलं गवत, काड्या, प्लास्टिकचा तुकडा असं काही अडकलंय का? तो कचरा वाऱ्याने आलेला नसतो, तिथपर्यंत पाणी चढलं होतं त्याची ती खूण असते, आणि ती खूण जर तुमच्या गुडघ्याच्या किंवा कमरेच्या उंचीवर असेल तर तुम्ही ज्या सपाट जमिनीवर उभे आहात तिथून नदी वाहून गेलेली आहे. मऊ, एकसारखी, गादीसारखी वाटणारी वाळू बघून लोक खूश होतात, पण ती वाळू आणून टाकली कोणी? नदीनेच. गोल गोटे, बारीक गाळाचा थर, एकाच दिशेला झोपलेलं गवत, सगळं तेच सांगत असतं.

दुसरं म्हणजे फक्त मोठ्या नदीकडे बघू नका, बाजूने डोंगरावरून उतरणारा कोरडा ओढा कुठे आहे तेही बघा. स्पेनमध्ये बिएस्कास गावाजवळच्या कॅम्पसाइटवर ७ ऑगस्ट १९९६ ला संध्याकाळी असंच झालं, वर डोंगरात जोरदार पाऊस पडला आणि बाजूच्या ओढ्यातून पाणी, दगड, चिखल खाली आला, ८७ माणसं गेली. म्हणून तुमच्या डोक्यावर आभाळ स्वच्छ आहे याला काही अर्थ नाही, वरच्या अंगाला काय चाललंय ते महत्त्वाचं. आणि हिवाळ्यात पूर येत नाही असंही नाही, अमेरिकेतल्या योसेमिटी नॅशनल पार्कात जानेवारी १९९७ मध्ये मर्सेड नदीला पूर आला तेव्हा काठावरची दोन कॅम्पग्राउंड्स गेली ती गेलीच, परत उघडली नाहीत.

वर कुठे धरण असेल तर पाणी सोडल्यावर ऊन पडलेलं असतानाही पातळी वाढते. बर्फाच्या पाण्यावर चालणाऱ्या नदीचं आणखी वेगळं असतं, दिवसभर बर्फ वितळतो आणि ते पाणी खाली यायला वेळ लागतो, त्यामुळे सकाळी नदी कमी आणि संध्याकाळी किंवा रात्री जास्त. दुपारी गोट्यांवर मांडलेल्या खुर्च्या आणि चपला रात्री तिथेच ठेवून झोपलात तर सकाळी खालच्या साइटवाल्यांना विचारावं लागेल. पातळी वाढतेय का कळायला सोपी युक्ती आहे, पाण्याच्या अगदी कडेला एक काडी रोवायची किंवा एखादा ओळखू येणारा दगड लक्षात ठेवायचा आणि अंधार पडायच्या आधी परत जाऊन बघायचं. पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा आणि फांद्या वाहत यायला लागल्या किंवा आवाज बदलला, तर सामान गोळा करत बसू नका, माणसं घेऊन सरळ उंचावर चला. गाडी पाण्यातून काढायचा विचारही नको, जोरात वाहणारं १५ सेंटीमीटर पाणी मोठ्या माणसाला पाडू शकतं आणि ३० सेंटीमीटरमध्ये छोटी गाडी वाहून जाते. म्हणूनच पोचल्यावर उजेडातच एकदा बघून ठेवायचं की रात्री पळायची वेळ आली तर पायी कुठून वर चढायचं.

मग वर बघा, झाडांकडे. वाळलेली फांदी किंवा अर्धवट तुटून लटकलेली फांदी टेंटच्या वर नको. नदीकाठच्या झाडांची मुळं एका बाजूने उघडी पडलेली असतात, असं झाड झुकलेलं असेल तर त्याच्या पडायच्या वाटेत झोपू नका. आणि शेवटी टॉयलेट: फार जवळ नको (वास आणि रात्रभर दाराचा आवाज), फार लांबही नको.

टेंट लावताना

नदीच्या खोऱ्यात वाऱ्याचा एक नेम असतो. दिवसा ऊन तापलं की वारा खालून वर जातो, रात्री डोंगरावरची थंड हवा खाली उतरते आणि नदीच्या प्रवाहाच्याच दिशेने वाहते. म्हणजे रात्रीचा वारा बहुतेक वेळा वरच्या अंगाकडून येणार, तर टेंटची अरुंद, बुटकी बाजू तिकडे करा आणि दार आडवं किंवा खालच्या बाजूला ठेवा. हीच थंड हवा सगळ्यात खोलगट जागेत साठते, म्हणून नदीला लागून असलेल्या खळग्यात रात्री जास्त गारठा आणि पहाटे सगळं चिंब. जरा वर सरकलात तरी फरक पडतो. खोरं उत्तर-दक्षिण असेल तर पश्चिमेच्या काठावर सकाळचं ऊन आधी येतं, टेंट लवकर वाळवून निघायचं असेल तर याचा खूप उपयोग होतो.

काठाजवळची जमीन एकतर वाळूची असते नाहीतर गोट्यांची, आणि टेंटबरोबर फुकट मिळणारे ते बारीक तारेसारखे पेग (टेंटच्या दोऱ्या जमिनीत अडकवायच्या खुंट्या) दोन्हीकडे निकामी. वाळूत रुंद, लांब पेग लागतात. ते नसतील तर हातभर लांबीची काटकी घ्या, दोरी तिच्या मध्यावर बांधा, काटकी आडवी ठेवून वीतभर खोल पुरा आणि वरून वाळू पायाने दाबून टाका, ओढून बघा, उपटत नाही. पुरलेली काटकी निघताना काढायची मात्र. गोट्यांच्या जमिनीत पेग आत जातच नसेल तर दोरी मोठ्या दगडाला बांधा, पण तो दगड साइटवरचा घ्या, नदीतला उचलू नका, पाण्यातल्या दगडांखाली किड्यांची पिल्लं राहतात आणि नदीतले मासे त्यांच्यावरच जगतात.

खालचं ग्राउंडशीट टेंटच्या बाहेर डोकावता कामा नये, चारही बाजूंनी आत दुमडा, नाहीतर फ्लायवरून (टेंटवरचं बाहेरचं, पाऊस अडवणारं कापड) ओघळलेलं पाणी त्यावर पडून सरळ तुमच्या खाली जमा होतं. टेंटभोवती चर खणायचा जुना सल्ला अजून कोणी ना कोणी देतंच, तो ऐकू नका, पार्कात खणू देत नाहीत आणि जागा नीट निवडली तर गरजही पडत नाही. सकाळी आतून थेंब टपकले तर टेंट गळतोय असं लगेच समजू नका, श्वासातली वाफ गार कापडावर जमते आणि नदीकाठी हवा आधीच दमट असते. उपाय उलटा वाटेल, पण थंडी असली तरी वरचे व्हेंट (हवा जायची भोकं) आणि दाराची वरची थोडी चेन उघडी ठेवायची, फ्लाय दोऱ्यांनी ताणून आतल्या कापडापासून लांब ठेवायचा आणि ओले कपडे, टॉवेल आत वाळत घालायचे नाहीत.

झोपायचं सामान

इथे दोन आकडे बघायचे, बाकी जाहिरात. स्लीपिंग बॅगवर दोन-तीन तापमानं लिहिलेली असतात, त्यातलं कम्फर्टवालं बघा, सगळ्यात खालचं एक्स्ट्रीमवालं म्हणजे झोपायचं नाही तर जेमतेम तग धरायचं तापमान असतं. आणि मॅटची आर-व्हॅल्यू, म्हणजे ती खालचा गारठा किती अडवते त्याचा आकडा. गारठा खालून जास्त येतो, बॅगेचा जो भाग अंगाखाली दबतो त्यातली हवा निघून जाते आणि तो काही कामाचा राहत नाही, म्हणून उन्हाळ्यात २ च्या आसपास चालेल, पण रात्री शून्याजवळ जात असेल तर ४ किंवा वर घ्या. पिसांची बॅग हलकी असते पण भिजली की बसते, नदीकाठच्या दमट रात्रींसाठी मला सिंथेटिक बरी वाटते, जड असली तरी गाडी शेजारीच उभी असते. झोपायचे कपडे वेगळे, कोरडे, आणि सुती नकोत. थंडीत स्टोव्ह नीट चालत नसेल तर तोही गॅसचा दोष असू शकतो, साधा ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वाफ व्हायचा थांबतो, आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण घ्या. आणि कितीही गारठा असला तरी स्टोव्ह किंवा कोळसा टेंटच्या आत पेटवायचा नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

पाणी, भांडी आणि बाकीचं

नदीचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी तसंच प्यायचं नाही. उकळा, खळखळून उकळी आल्यावर १ मिनिट, २००० मीटरच्या वर असाल तर ३ मिनिटं. फिल्टर असेल तर उत्तम, पण बहुतेक फिल्टर व्हायरस अडवत नाहीत आणि क्लोरीनच्या साध्या गोळ्यांनी क्रिप्टोस्पोरिडियम (पोट बिघडवणारा एक जंतू) मरत नाही, त्यामुळे शंका असेल तर उकळणंच बरं. भांडी, अंघोळ, दात घासणं हे सगळं नदीपासून निदान ६० मीटर लांब, साबण नैसर्गिक असल्याचं बाटलीवर लिहिलेलं असलं तरी. खरकटं गाळून कचऱ्यात, उरलेलं पाणी कॅम्पग्राउंडने ठरवून दिलेल्या जागी. टॉयलेट असताना झाडीत जायचं नाही हे सांगायला लागू नये, पण काठावर जरा फिरलात की सांगावं लागतं हे कळेल.

प्राण्यांसाठी नदी म्हणजे रोजचा रस्ता, पहाटे आणि तिन्हीसांजेला ते पाण्यावर येणारच. खाणं टेंटमध्ये अजिबात नको, आणि खाणं म्हणजे टूथपेस्ट, सनस्क्रीन, लिपबाम, च्युइंगगम, वास येणारं सगळंच. लोखंडी लॉकर दिलेला असेल तर त्यात ठेवा आणि कडी पूर्ण लागली का ओढून बघा, लॉकर नसेल तर तिथल्या नियमाप्रमाणे गाडीत किंवा बंद डब्यात. नदीचा एक तोटा लोकांच्या लक्षात येत नाही, तिच्या आवाजात बाकी काही ऐकू येत नाही, तुम्हाला प्राणी ऐकू येत नाही आणि प्राण्याला तुम्ही. अस्वलांच्या भागात काठाने चालताना, खासकरून झुडपांच्या वळणावर, मोठ्याने बोलत जा. मुलं हाक मारतील आणि ऐकू येणार नाही, म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी अडकवा आणि पाण्याजवळ कुठपर्यंत जायचं ती हद्द आल्या आल्या दाखवून ठेवा. बर्फाचं पाणी असेल तर उडी मारायची हौस नको, अचानक गार पाण्यात गेल्यावर श्वास आपोआप जोरात ओढला जातो आणि तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं, पोहता येणारेही असे बुडतात.

डासांचं म्हणाल तर ते साचलेल्या पाण्यावर, डबक्यांजवळ जास्त. पण वेगाने वाहणाऱ्या पाण्यात काळ्या चावऱ्या माश्या वाढतात, आणि त्या दिवसाउजेडी चावतात, तेव्हा पूर्ण बाह्या दोन्हीकडे लागतातच.

शेकोटी असलीच तर फक्त त्यासाठी दिलेल्या गोल कड्यात, आणि लाकूड लांबून आणू नका, त्यातून झाडं मारणारे किडे एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातात, बऱ्याच पार्कात म्हणूनच बाहेरचं लाकूड चालत नाही. विझवताना पाणी ओता, काठीने ढवळा, परत ओता, आणि मग हाताची मागची बाजू राखेच्या जवळ नेऊन बघा, ऊब लागली तर अजून पाणी.

निघायच्या सकाळी फ्लाय आधी काढून उन्हात उलटा टाका, तोवर बाकीचं आवरा, टेंट शेवटी. पेग मोजून घ्या, वाळूत एखादा तरी राहिलेला असतोच. टेंट थोडा ओला भरावा लागला तरी हरकत नाही, पण घरी पोचल्यावर त्याच दिवशी उघडून वाळत घाला, ओला तसाच पिशवीत राहिला की बुरशी धरते आणि तो वास मग जात नाही.