विंडोज एक्सपीवर आवाज येत नसेल, तर ड्रायव्हरचा दोष कसा शोधावा

जुन्या संगणकावर विंडोज एक्सपी नव्याने बसवले, की चित्र दिसते, माऊस चालतो आणि स्पीकर मात्र मुका राहतो, हा प्रकार नेहमीचा आहे. त्यापुढची चूकही नेहमीचीच असते. संगणकाचे नाव टाकून मिळेल तो साउंड ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग, म्हणजे साउंड कार्ड, कसा चालवायचा हे विंडोजला सांगणारा प्रोग्राम) उतरवला जातो, तो चालला नाही की दुसरा, मग तिसरा. आणि तीन-चार अर्धवट बसलेले ड्रायव्हर एकमेकांत अडकले, की मूळ दोष कोणता आणि आपण निर्माण केलेला कोणता, हे सांगणे अवघड होऊन बसते. म्हणून ड्रायव्हर शोधायला निघण्यापूर्वी एक्सपी त्या साउंड कार्डाला आत्ता कोणत्या नावाने ओळखत आहे, ते पाहावे. दुरुस्तीची वाट त्या नावावरून ठरते.

त्याआधी दोन किरकोळ गोष्टी उरकून घ्याव्यात. स्पीकरची पिन हिरव्या खाचेतच असल्याची खात्री करावी, आणि घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चिन्हावर डबल क्लिक करून ‘वेव्ह’ या पट्टीखालचे ‘म्यूट’ निवडलेले नाही ना, तेही पाहावे. मुख्य पट्टी पूर्ण वर असूनही ‘वेव्ह’ बंद असल्यामुळे मी स्वतः एकदा संपूर्ण संध्याकाळ ड्रायव्हर बदलण्यात घालवली आहे.

आता कंट्रोल पॅनलमधील ‘साउंड्स अँड ऑडिओ डिव्हायसेस’ उघडावे. तेथे ‘नो ऑडिओ डिव्हाइस’ असे लिहिलेले असून आवाजाची पट्टी फिकी पडली असेल, तर दोष ड्रायव्हरचाच असेल असे नाही, कारण ‘विंडोज ऑडिओ’ ही सर्व्हिस (पडद्यामागे चालणारा विंडोजचा प्रोग्राम) थांबलेली असली तरीही हाच मजकूर दिसतो. ‘माय कॉम्प्युटर’वर राइट क्लिक करून ‘मॅनेज’ निवडावे, सर्व्हिसेसच्या यादीत ‘विंडोज ऑडिओ’ शोधावी, तिचा ‘स्टार्टअप टाइप’ ‘ऑटोमॅटिक’ ठेवावा आणि ती सुरू करावी. ही तपासणी संगणकासमोर बसूनच करावी. रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून, जोडून पाहिल्यास साउंड कार्ड धडधाकट असतानाही ते नसल्याचे दिसू शकते.

सर्व्हिस चालू असूनही आवाज नसेल, तर त्याच खिडकीतील डिव्हाइस मॅनेजरकडे, म्हणजे उपकरणांच्या यादीकडे, वळावे. येथे एक फसवी जागा आहे. ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’ या शीर्षकाखाली ‘ऑडिओ कोडेक्स’, ‘लेगसी ऑडिओ ड्रायव्हर्स’, ‘मीडिया कंट्रोल डिव्हायसेस’ अशी नावे दिसतात आणि ती पाहून ड्रायव्हर बसलेला आहे असा समज होतो. वास्तविक ही नावे एक्सपीची स्वतःची असून साउंड कार्डाचा ड्रायव्हर नसला तरी ती तेथे असतातच. खरे उत्तर बहुधा ‘अदर डिव्हायसेस’ या शीर्षकाखाली, पिवळ्या प्रश्नचिन्हासह सापडते.

तेथे ‘मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर’ असे नाव असेल, तर बहुधा ते एसी-९७ या जुन्या पद्धतीचे, मदरबोर्डवरचेच साउंड असते, किंवा नंतर पीसीआय खाचेत बसवलेले एखादे वेगळे साउंड कार्ड असते. त्याला थेट त्याचाच ड्रायव्हर लागतो. ‘ऑडिओ डिव्हाइस ऑन हाय डेफिनिशन ऑडिओ बस’ असे नाव दिसल्यास अर्धे काम झालेले आहे असे समजावे, कारण हाय डेफिनिशन या नंतरच्या पद्धतीचा बस ड्रायव्हर (साउंड चिपपर्यंतचा मार्ग चालवणारा ड्रायव्हर) बसलेला आहे आणि फक्त कोडेक चिपचा, म्हणजे प्रत्यक्ष आवाज काढणाऱ्या चिपचा, ड्रायव्हर राहिला आहे. सर्वांत जास्त घोळ होतो तो नुसते ‘पीसीआय डिव्हाइस’ असे नाव दिसते तेव्हा. एक्सपी २००१ साली आले आणि इंटेलची हाय डेफिनिशन ऑडिओ पद्धत २००४ साली आली, त्यामुळे मूळ एक्सपीला ती पद्धत ठाऊकच नाही. तिच्यासाठी मायक्रोसॉफ्टचा ‘यूएए’ नावाचा बस ड्रायव्हर आधी बसवावा लागतो, आणि तो नसताना साउंडचा ड्रायव्हर कितीही वेळा चालवला तरी त्याला उपकरण सापडत नाही. हा बस ड्रायव्हर ८८८१११ क्रमांकाच्या अपडेटमध्ये आहे, आणि साउंड चिप बनवणाऱ्यांच्या अनेक पॅकेजांत तो सोबत दिलेला असतो. सर्व्हिस पॅक ३ (एक्सपीचा शेवटचा एकत्रित सुधारणासंच) असलेल्या संगणकावर ही अपडेट कधीकधी ‘तुमचा सर्व्हिस पॅक यापेक्षा नवा आहे’ असे सांगून थांबते. अशा वेळी ती फाइल उलगडून तिच्यातील ज्या फोल्डरमध्ये आयएनएफ फाइल (ड्रायव्हर कोणत्या उपकरणासाठी आहे हे सांगणारी मजकुराची फाइल) आहे, तो फोल्डर डिव्हाइस मॅनेजरमधून स्वतः दाखवावा.

नाव कळले, तरी योग्य ड्रायव्हर निवडण्यासाठी हार्डवेअर आयडी, म्हणजे उपकरणाचा ओळख क्रमांक, लागतो. त्या उपकरणाचे ‘प्रॉपर्टीज’ उघडून ‘डिटेल्स’ या टॅबमध्ये तो पाहावा. पडद्यावर तो रोमन अक्षरांत असतो आणि त्यात ‘व्हीईएन’ (VEN) नंतर उत्पादकाचा, तर ‘डीईव्ही’ (DEV) नंतर चिपचा, चार अंक-अक्षरांचा क्रमांक असतो. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, ११०२ म्हणजे क्रिएटिव्ह, ११०६ म्हणजे व्हीआयए. हाय डेफिनिशन पद्धतीत १०ईसी आणि ०८८८ असे दिसले, तर ती रिअलटेकची एएलसी ८८८ चिप आहे, यात शंका नाही. एसी-९७ पद्धतीत मात्र सावध राहावे: तेथे ८०८६ आणि २४सी५ असे दिसल्यास तो इंटेलच्या चिपसेटमधील (मदरबोर्डवरील मुख्य चिपांच्या संचातील) कंट्रोलर असतो, पण प्रत्यक्ष आवाज काढणारी कोडेक चिप रिअलटेक, सिग्माटेल किंवा अॅनालॉग डिव्हायसेस यांपैकी कोणाचीही असू शकते आणि ड्रायव्हर त्या चिपप्रमाणे लागतो. अशा वेळी मदरबोर्ड किंवा लॅपटॉप बनवणाऱ्याने त्या मॉडेलसाठी दिलेला ड्रायव्हरच घ्यावा, अथवा झाकण उघडून चिपवरील नाव वाचावे.

मिळालेला ड्रायव्हर चालवण्याआधी तो आपल्यासाठी आहे की नाही, हे दोन मिनिटांत पडताळता येते. त्याच्या फोल्डरमधील आयएनएफ फाइल नोटपॅडमध्ये उघडावी आणि आपल्या चिपचा क्रमांक शोधावा. तो एकाही आयएनएफ फाइलमध्ये नसेल, तर तो ड्रायव्हर बाजूला ठेवावा. एक्सपीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी मदत आणि तिच्यासोबतच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ रोजी संपलेल्या असल्यामुळे ही शोधाशोध त्या संगणकावरून इंटरनेटवर न जाता दुसऱ्या संगणकावर करावी, तेथेच फाइल व्हायरससाठी तपासावी आणि मग पेन ड्राइव्हने आणावी.

बसवताना क्रम पाळावा. आधी ‘सिस्टम रिस्टोअर’चा बिंदू (गडबड झाल्यास परत जाता येईल असा) तयार करावा, पूर्वी बसवलेले साउंडचे प्रोग्राम ‘अॅड ऑर रिमूव्ह प्रोग्राम्स’मधून काढावेत आणि संगणक पुन्हा सुरू करावा. त्यानंतर चिपसेटचा ड्रायव्हर, मग गरज असल्यास बस ड्रायव्हर आणि शेवटी साउंडचा ड्रायव्हर बसवावा. तरीही उपकरणावर उद्गारचिन्ह राहिले, तर ‘प्रॉपर्टीज’मधील कोड वाचावा: २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही, ३९ म्हणजे ड्रायव्हरची फाइल खराब झाली आहे किंवा सापडत नाही, २२ म्हणजे उपकरण बंद करून ठेवले आहे. कोड १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकले नाही. हा बहुतेक वेळा चुकीच्या ड्रायव्हरचा परिणाम असतो. आणि साउंडचे नाव यादीत कोठेच नसेल, तर बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) ऑनबोर्ड ऑडिओ, म्हणजे मदरबोर्डवरचे साउंड, बंद केलेले असण्याची शक्यता आधी तपासावी.

आवाज येतो पण खरखरतो किंवा अडखळतो, अशी तक्रार असल्यास ‘स्पीकर सेटिंग्ज’खालील ‘अॅडव्हान्स्ड’ बटणाने उघडणाऱ्या खिडकीत ‘परफॉर्मन्स’ टॅबवर जाऊन ‘हार्डवेअर अॅक्सिलरेशन’ची पट्टी एकेक पायरी खाली आणून पाहावे.

इतके करूनही यश आले नाही, तर एक साधे यूएसबी साउंड कार्ड जोडावे. ठरावीक मानकानुसार बनवलेल्या अशा कार्डासाठी लागणारा ड्रायव्हर एक्सपीमध्येच असतो आणि ते यादीत ‘यूएसबी ऑडिओ डिव्हाइस’ म्हणून दिसते. त्यातून आवाज आला, तर विंडोजची ध्वनियंत्रणा ठीक असून दोष मूळ चिपमध्ये किंवा तिच्या ड्रायव्हरमध्ये आहे, हे निश्चित होते. आणि मूळ चिपच बिघडलेली निघाली, तर तेच यूएसबी कार्ड कायमचे जोडून ठेवून बायोसमधून ऑनबोर्ड ऑडिओ बंद करून टाकता येते.