लँडलाइन नसलेल्या वाडीत भरवशाचं इंटरनेट : या चुका टाळा

कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या वाडीत नेट घ्यायचं ठरलं की पहिला खर्च राउटरवर होतो. तो टीव्हीशेजारी ठेवला जातो, त्यात सिम पडतं, आणि संध्याकाळी मुलांचा क्लास अडकायला लागला की दुसऱ्या कंपनीचं सिम येतं. अडचण बहुतेक वेळा सिममध्ये नसते आणि राउटरमध्येही नसते. टॉवरपासून चार-पाच किलोमीटर नीट आलेला सिग्नल शेवटच्या पंधरा मीटरमध्ये मरतो : जांभ्याच्या भिंतीत, पत्र्याखाली, नाहीतर स्वस्त केबलमध्ये. म्हणून आधी मोजा, मग जागा ठरवा आणि उपकरण सगळ्यात शेवटी घ्या.

काड्या बघून ठरवणं

फोनवरच्या रेंजच्या काड्या प्रत्येक फोन आपल्या हिशोबाने दाखवतो. शिवाय पूर्ण काड्या टूजीच्या असू शकतात. त्यावर बोलणं होतं, नेट चालत नाही. खरे आकडे दोन, आरएसआरपी आणि एसआयएनआर. अँड्रॉइडवर *#*#४६३६#*#* डायल केलं की बऱ्याच फोनवर ते दिसतात, आयफोनवर *३००१#१२३४५#* ने. नाही दिसले तर मोबाइल नेटवर्कची माहिती दाखवणारं एखादं मोफत ॲप घ्या.

आरएसआरपी म्हणजे टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती जोरात पोचतो ते. हा आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ९०च्या आत असेल तर उत्तम. उणे १००च्या आसपास काम भागतं, उणे ११०च्या पलीकडे अँटेनाशिवाय आशा धरू नका. एसआयएनआर म्हणजे गोंगाटातून तो आवाज किती स्वच्छ ऐकू येतो. तो १३च्या वर असावा, २०च्या वर गेला तर फारच छान. शून्याच्या खाली गेला की काड्या कितीही दिसोत, व्हिडिओ अडकणारच. दोन जागांमध्ये निवड करायची झाली तर चांगल्या एसआयएनआरची जागा घ्या, मग तिथे आरएसआरपी थोडा कमी असला तरी चालेल.

मोजताना फोन 'फक्त ४जी' वर ठेवा. गच्चीवर किंवा कौलांच्या उंचीला, घराच्या चारही बाजूंना, प्रत्येक कंपनीचं सिम घालून मोजा; शेजाऱ्यांकडून तासाभरासाठी सिम मागितलं तरी भागतं. सकाळी सात, दुपारी आणि रात्री नऊ, तिन्ही वेळांना मोजा आणि वहीत लिहा. सकाळी २० एमबीपीएस आणि रात्री २ मिळत असतील, तर टॉवरवर गर्दी आहे. तिथे मोठी अँटेना लावून गर्दी हटत नाही, दुसरा टॉवर किंवा दुसरा बँड (म्हणजे लहरींचा पट्टा, प्रत्येकाला क्रमांक असतो) शोधावा लागतो.

आपण कुठल्या टॉवरला लागलो आहोत तेही कळतं. ॲपमधला ४जीचा सेल आयडी घ्या आणि २५६ने भागा. समजा १२३४५६७ आला, तर भागाकार ४८२२, बाकी १३५. ४८२२ हा त्या टॉवरवरच्या केंद्राचा क्रमांक आणि १३५ हा त्याचा एक सेल, म्हणजे एका बाजूचा एक बँड. घराच्या उत्तरेला एक भागाकार आणि दक्षिणेला वेगळा आला, तर तुमच्याकडे दोन टॉवर आहेत. जवळचा गर्दीने भरलेला असेल तर लांबचा धरा.

मेमध्ये मोजून लगेच खूश होऊ नका. तेव्हा साग निष्पर्ण असतो. जूनमध्ये त्याला थाळ्याएवढी पानं फुटतात आणि ती ओली होतात. टॉवरच्या वाटेत सागाची किंवा आंब्याची रांग असेल तर हिशोबात १० डेसिबल (सिग्नलच्या जोराचं माप, आरएसआरपीही त्यातच मोजतात) हाताशी ठेवा. उन्हाळ्यात उणे १०० असेल तर पावसाळ्यात उणे ११० धरून चाला.

बँड न बघता राउटर घेणं

परदेशातून कुणी आणलेला किंवा ऑनलाइन स्वस्त मिळालेला ४जी राउटर आपल्याकडे अर्धाच चालतो, कारण त्यात आपले बँड नसतात. जिओ ४जीसाठी ३, ५ आणि ४० वापरतं. एअरटेल १, ३, ८ आणि ४०. बीएसएनएलचं ४जी २८ आणि १ वर आहे. युरोप-अमेरिकेसाठी बनलेल्या बऱ्याच मॉडेलांत ४० नसतो, आणि बहुतेकदा वेग तिथेच असतो. डबा उघडण्याआधी बँडची यादी वाचा.

बँड ५ (८५० मेगाहर्ट्झ) आणि २८ (७००) दरीतून, झाडीतून लांब जातात, पण वाट अरुंद असते. ४० (२३०० मेगाहर्ट्झ) रुंद असतो, मात्र डोंगर आणि पानांपुढे लवकर दमतो. राउटर आपल्या मर्जीने बरेचदा जोरदार दिसणाऱ्या पण हळू बँडवर जाऊन बसतो. म्हणून बँड लॉक करायची सोय असलेला राउटर घ्या आणि एकेक बँड लावून वेग तपासा. बीएसएनएलचं जुनं सिम असेल तर ते आधी ४जी सिमने बदलून घ्या. जुन्या सिमवर राउटर ४जी पकडतच नाही आणि दोष राउटरला मिळतो.

छपरावर अँटेना, खाली हॉलमध्ये राउटर, मध्ये लांब केबल

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. अँटेनासोबत येणारी बारीक काळी केबल बहुधा आरजी-५८ किंवा त्याहून हलकी असते. २३०० मेगाहर्ट्झला ती मीटरमागे जवळपास १ डेसिबल खाते. १२ मीटर केबल म्हणजे १२ डेसिबल. दर ३ डेसिबलला सिग्नल निम्मा होतो, म्हणजे सोळावा हिस्सा उरला. अँटेनाने ११ डेसिबल मिळवले आणि केबलने १२ घालवले. त्यापेक्षा राउटर खिडकीत ठेवला असता तर पैसे वाचले असते. एलएमआर-४०० सारखी जाड केबल तेवढ्याच अंतरात अडीच-तीन डेसिबलच घेते, पण ती महाग आणि ताठ असते, आणि ती थेट राउटरच्या नाजूक सॉकेटला लावली तर सॉकेट तुटतं. मध्ये छोटा लवचिक तुकडा लागतो.

खरा उपाय म्हणजे राउटरच वर न्या. पीओईवर, म्हणजे लॅन केबलमधूनच येणाऱ्या विजेवर, चालणारा आउटडोअर ४जी राउटर घ्या, किंवा साधा राउटर आयपी-६५ (धूळ-पाणी आत न घेणाऱ्या) प्लास्टिकच्या डब्यात घालून वळचणीखाली, शक्यतो उत्तरेच्या सावलीत बसवा. लोखंडी डबा चालत नाही, तो सिग्नल अडवतो. पत्र्याला चिकटवून ठेवलात तर एप्रिलच्या दुपारी राउटर तापून बंद पडेल. तिथून खाली कॅट-६ लॅन केबल आणा. ती १०० मीटरपर्यंत काही गमावत नाही. केबल काळी, उन्हात टिकणारी आणि शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण तिच्यातून वीज पाठवली की टोकाला व्होल्टेज पडतं आणि राउटर मध्येच रीस्टार्ट होत राहतो. वानरांच्या वाटेवर असाल तर केबल पीव्हीसी पाइपातून न्या.

पीओईचे इंजेक्टर (लॅन केबलमध्ये वीज सोडणारे अडॅप्टर) अदलाबदल करू नका. २४ व्होल्टच्या उपकरणाला ४८ व्होल्टचा साधा इंजेक्टर लागला तर ते जळतं.

अँटेनाच्या चुका

'३५ डीबीआय' छापलेली तळहाताएवढी अँटेना घेऊ नका. डीबीआय म्हणजे अँटेना सिग्नल किती डेसिबल वाढवते ते. ६० सेंटिमीटर व्यासाची जाळीची डिश २३०० मेगाहर्ट्झला २०-२१ डीबीआय देते, त्यावरून बाकीच्यांचा अंदाज करा. ६९८ ते २७०० मेगाहर्ट्झ चालणारी लॉग-पिरिऑडिक अँटेना १०-११ डीबीआय देते आणि बहुतेक घरांना तीच पुरते. टॉवर खूप लांब पण समोर दिसत असेल, तरच डिश घ्या.

४जीला दोन अँटेना लागतात. एकच लावली तर वेग अर्ध्यावर येऊ शकतो. दोन्ही एकाच कोनात लावल्या तरी फायदा जातो. एक ४५ अंश डावीकडे आणि दुसरी ४५ अंश उजवीकडे कललेली ठेवा, मधे हातभर अंतर असू द्या.

जोडणीही बघून घ्या. ४जीच्या सॉकेटला बहुधा एसएमए लागतो, वायफायच्या सॉकेटला आरपी-एसएमए. दोन्ही एकमेकांवर फिरून घट्ट बसतात, पण आत एकाही बाजूला पिन नसते किंवा दोन पिना समोरासमोर येतात. अँटेना लावूनही आकडा हलला नाही तर आधी पिन बघा.

दिशा ठरवताना घाई नको. अँटेना ३० अंशांच्या टप्प्याने फिरवा, दर टप्प्यावर मिनिटभर थांबा आणि एसआयएनआर लिहा. बारा नोंदी होतात. त्यातल्या सगळ्यात चांगल्या दिशेभोवती ५-५ अंशांनी पुन्हा फिरवा. एकजण वर आणि एकजण खाली आकडे वाचणारा असेल तर अर्ध्या तासात होतं. टॉवर दिसतो तीच दिशा उत्तम असेल असं नाही. डोंगराच्या कड्यावर आदळून आलेला सिग्नल कधी कधी जास्त स्वच्छ असतो.

दुकानातला 'सिग्नल बूस्टर'

सिग्नल पकडून वाढवून परत सोडणारी ही पेटी परवानगीशिवाय लावणं भारतात बेकायदेशीर आहे. ती टॉवरकडे गोंगाट पाठवते, त्यामुळे तुमच्या घरात काड्या वाढल्या तरी बाकी वाडीचे फोन अडखळतात. तपास झाला तर पेटी जप्त होते. बाहेरची अँटेना थेट राउटरला जोडणं हे बूस्टर नव्हे, त्याला अडचण नाही.

पाणी, वीज, लाइट

कनेक्टरवर इन्सुलेशन टेप गुंडाळली की काम झालं असं समजू नका. पावसाळ्यात पाणी तिच्या खालून शिरतं आणि ऑगस्टपर्यंत आत हिरवं साचतं. आपोआप एकजीव होणारी रबरी टेप ओढून ताणून गुंडाळा आणि तिच्यावर उन्हापासून वाचवायला साधी टेप लावा. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल आणि भिंतीत जाणार नाही.

विजांसाठी अँटेनाच्या खांबाला जाड तांब्याच्या तारेने अर्थिंग हवं आणि ते घराच्या मुख्य अर्थिंगला जोडलेलं हवं. दोन वेगळे खड्डे न जोडता ठेवले, तर जवळ वीज पडताच दोन्हींमधला फरक तुमच्या राउटरमधून वाट काढतो. लॅन केबलवरही सर्ज प्रोटेक्टर लावा. मे-जूनच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात मात्र प्लग आणि लॅन दोन्ही काढून ठेवणं हाच खात्रीचा उपाय. पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' ॲप आसपास पडणाऱ्या विजांची आगाऊ सूचना देतं.

लाइट गेल्यावर राउटरसाठी घरचा मोठा इन्व्हर्टर लागत नाही. राउटर ८-१० वॅटच घेतो. १२ व्होल्ट ७ एएचच्या लेड बॅटरीत ८४ वॅट-तास असतात. निम्मीच वापरायची म्हटली तरी ८ वॅटचा राउटर पाच तास चालतो. पण बॅटरी थेट राउटरला लावू नका. चार्ज होताना तिचं व्होल्टेज १४च्या वर जातं. मध्ये १२ व्होल्ट स्थिर देणारा कन्व्हर्टर किंवा तयार मिनी यूपीएस घ्या. आणि हे करूनही लाइट जाऊन तास-दोन तासांनी नेट रोज जात असेल, तर टॉवरचीच बॅटरी संपते आहे. तेव्हा दुसऱ्या कंपनीचं सिम जोडीला ठेवण्यात शहाणपण आहे.

फायबर पंचायतीपर्यंत आहे, वाडीपर्यंत नाही

भारतनेटची (गावागावांत फायबर नेणारी सरकारी योजना) तार ग्रामपंचायतीत आली आहे आणि तिथे किंवा बाजारपेठेत चालू कनेक्शन मिळतं, तर ५ गिगाहर्ट्झच्या दोन रेडिओंनी ते वाडीवर आणता येतं. इथे चूक होते ती 'समोर दिसतंय ना' म्हणण्याची. रेडिओला नुसती नजरेची रेषा पुरत नाही, तिच्याभोवती मोकळी जागा लागते. २ किलोमीटरसाठी मधोमध सुमारे ३ मीटर आणि ५ किलोमीटरसाठी जवळपास ५ मीटर, सगळ्या बाजूंनी. माडाचा शेंडा त्या जागेत आला की वाऱ्यासोबत नेट येत-जात राहतं. माड वाढतोही, तेव्हा खांब दोन-चार वर्षांचा विचार करून उंच घ्या आणि तीन बाजूंनी ताण द्या. हे नेट पैसे घेऊन शेजाऱ्यांना द्यायचं असेल तर तसंच वाटू नका. पीएम-वाणी या सार्वजनिक वायफायच्या सरकारी योजनेत दुकानदारालाही परवान्याशिवाय वायफाय केंद्र चालवता येतं.

सिग्नल चांगला, तरी नेट नाही

आधी रोजची मर्यादा बघा. १.५ किंवा २ जीबीची फोनची योजना राउटरमध्ये घातली की टीव्ही आणि फोनचे अपडेट ती दुपारपर्यंत संपवतात, आणि पुढे वेग ६४ केबीपीएसवर येतो. मध्यरात्रीनंतर आपोआप सुरळीत होत असेल तर कारण हेच.

बागेतला किंवा घरातला कॅमेरा मुंबईहून दिसत नसेल तर राउटरच्या पानावर सिमला मिळालेला पत्ता बघा. तो १० ने किंवा १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल, तर कंपनीने एकच बाहेरचा पत्ता अनेकांत वाटला आहे. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी राउटरमधून कॅमेऱ्याकडे वळवणं) कितीही वेळा केलं तरी चालणार नाही. क्लाउडवरून चालणारा कॅमेरा घ्या किंवा टेलस्केलसारखं व्हीपीएन (दोन ठिकाणची उपकरणं इंटरनेटवरून खाजगी वाटेने जोडणारी सोय) लावा.

आणि तक्रार करायची वेळ आली तर 'नेट चालत नाही' एवढ्यावर थांबू नका. सेल आयडी, बँड, आरएसआरपी, एसआयएनआर आणि तीन वेळांचे वेग वहीतून काढून द्या, तक्रार क्रमांक मागून घ्या. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. दूरसंचार नियामक ट्राय वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही, तिथे अर्ज करण्यात दिवस घालवू नका. वाडीतल्या आठ-दहा घरांनी तीच नोंद आपापल्या नंबरवरून केली, तर कंपनीच्या इंजिनिअरला नेमका कोणता सेल तपासायचा ते पहिल्याच दिवशी कळतं.