ओटी पिवळी होईना

पावसाळा लागला की आमच्या वाडीत जुलाबाचे पेशंट ठरलेले. विहिरीत टीसीएल (जंतू मारणारी क्लोरीनची ब्लीचिंग पावडर) पडत होतं, तरी नळाच्या पाण्यात ओटीचे (ऑर्थोटोलिडिन, पाण्यात क्लोरीन असेल तर पिवळं होणारं द्रावण) थेंब टाकले की रंग नाहीच. शेवटी गोणीत हात घातला. पावडरीचे गोळे, वासाचा पत्ता नाही! तोंड उघडं राहून ओलीने क्लोरीन उडालेलं. नवी गोणी झाकणाच्या प्लास्टिक पिंपात ठेवली.

मापही अंदाजपंचे, 'दोन ओंजळी'. विहिरीचा व्यास 4 मीटर, पाणी 3 मीटर : 4×4×3×785 (गोल विहिरीतलं पाणी लिटरमध्ये काढायचा गुणक), म्हणजे साधारण 37,700 लिटर. हजार लिटरला 5 ग्रॅम धरून 190 ग्रॅम. बादलीत कालवून पावडरीतला चुना तळाला बसू दिला, वरची निवळीच विहिरीत सोडली. तासाभराने पंप. शेवटच्या घरी फिकट पिवळा रंग आला. काकू कुरकुरल्या, "पाण्याला वास मारतोय रे." म्हटलं, मारू दे.