घरातल्या कुंडीत माती नको, मग भरायचं काय?

घरातली झाडं पाण्यावाचून कमी मरतात, मुळं कुजून जास्त मरतात. आपली काळी माती शेतात कितीही कसदार असली तरी कुंडीत भरली की ओली असताना चिकट गोळा आणि सुकली की भेगा, आणि घरात ना ऊन ना वारा त्यामुळे एकदा घातलेलं पाणी दिवसेंदिवस तसंच राहतं. म्हणून मिश्रण निवडताना आधी हे बघा की पाणी घातल्यावर त्यात हवा किती उरते. खत काय, वरून देता येतं.

बेस कोकोपीटचाच घ्या, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. पीट मॉस (दलदलीत कुजलेलं शेवाळ) महाग पडतं, आम्लधर्मी असल्याने त्यात चुना मिसळावा लागतो आणि एकदा खडखडीत वाळलं की पाणी लवकर शोषत नाही, उगाच का तो व्याप. कोकोपीटमध्ये गोची एकच, मीठ. कोकोपीट दाबून केलेल्या स्वस्त विटेत ते हमखास असतं आणि मग पानांची टोकं करपतात. 650 ग्रॅमची वीट बादलीत भिजवा, फुगून 8 लिटरच्या आसपास होते, मग जुन्या ओढणीत भरून घट्ट पिळा, कोऱ्या चहासारखं पाणी निघेल ते फेकून द्या, परत भिजवा परत पिळा, असं निदान तीनदा. आरओसाठी घेतलेला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घरात असेल तर पिळलेलं पाणी मोजा, आकडा नळाच्या पाण्याजवळ आला की झालं. हे धुणं टाळू नका, प्लीज.

आता नुसतं कोकोपीट पण नको, ते फार पाणी धरतं. हवेसाठी परलाइट, म्हणजे फुगवलेल्या खनिजाचे पांढरे हलके दाणे, घाला (धूळ उडते, आधी पाणी शिंपडा आणि तोंडाला रुमाल बांधा). व्हर्मिक्युलाइट (तेही फुगवलेलं खनिजच) दिसायला त्याच्याच शेजारचं पण काम उलटं, ते ओल धरतं, म्हणून बिया रुजवायला किंवा फर्नला ठीक. कोकणात किंवा भात गिरणीजवळ राहत असाल तर जळकं तूस मिळतं, परलाइटऐवजी तेही छान चालतं.

मनी प्लांट, मॉन्स्टेराला दोन भाग कोकोपीट, एक भाग परलाइट, एक भाग झाडाच्या सालीचे तुकडे. स्नेक प्लांट, झीझीला अर्धं परलाइटच. झाडावर वाढणाऱ्या ऑर्किडला कोकोपीट नकोच, साल, कोळसा, विटांचे तुकडे बास.

आणि तळाशी खडी घालायची सवय सोडा, तिने निचरा वाढत नाही, पाणी खडीच्या वरच अडतं आणि ओला थर मुळांच्या अजून जवळ येतो. त्यापेक्षा कुंडीला भोकं नीट आहेत का बघा.

यात अन्न जवळपास नसतंच, त्यामुळे मूठभर गांडूळखत मिसळा आणि झाड वाढत असेल तेव्हा पंधरा दिवसांनी 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला 1 ग्रॅम द्या. वर क्षारांचा पांढरा थर दिसला तर कुंडी मोरीत नेऊन खालून पाणी वाहेपर्यंत साधं पाणी ओता.